हिरवं झालं की दाबायचं

आमचा मल्लिनाथ टॉवेलच्या कारखान्यातून घरी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवर कापसाचा भुरा बसलेला असतो. रोज झटकतो, रोज नवा बसतो. किश्श्यांचंही तसंच आहे. आपण काही गोळा करायला जात नाही. एका घरात, एका कामात पुष्कळ दिवस काढले की ते आपोआप अंगावर बसतात. आमच्या घरात एकच काम चाललं होतं, मल्लिनाथच्या मुलीचं, म्हणजे माझ्या नातीचं. शिल्पाची पीएच.डी.! त्या कामाचा एवढा भुरा माझ्या अंगावर बसलाय की झटकल्याशिवाय आता सुटका नाही.

मी शाळेत गेले नाही. मी बोलते, शिल्पा टाईप करते. मधेच म्हणते, "आज्जी, हे नको की सांगू." मी म्हणते, "गप टाईप कर!" त्यामुळं जे आहे ते सगळं इथं आलंय.

*

शिल्पाचा विषय पत्रा. आपल्या डोक्यावरचा, साधा पत्रा. आमची वरची खोली पत्र्याची, शेजारच्यांची पत्र्याची, पलीकडची सगळी चाळ पत्र्याची. सोलापूरच्या उन्हात पत्र्याखालची खोली किती तापते, आणि वरून चुना मारला, ओलं गोणपाट टाकलं, कडबा पसरला तर किती निवते, हे ती कॉम्प्युटरला विचारायची.

पहिल्यांदा तिनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "त्याला कशाला इचारती? मला इचार की! जन्म गेला पत्र्याखाली."

"आज्जी, तू सांगितलेलं कमिटी मानत नाही."

"आन ह्या डब्याला कुणी कधी पत्र्याखाली बसवलंवतं का?"

शिल्पाची मैत्रीण समीना तिथंच बसली होती. ती हसून लोळायची राहिली. "शिल्पा, तेरी कमिटी में आज्जी कू बिठा! पहिलाच सवाल ऐसा आया की तू गप!"

काम म्हणाल तर सोपं. एक पत्रा निवडायचा, एक ऊन निवडायचं आणि प्रोग्राम सुरू करायचा. डाळ शिजायला लागतो तेवढा वेळ तो गुरगुरत बसणार. मग एक आकडा देणार. तो लिहून घ्यायचा. मग दुसरा पत्रा, परत तेच. मग तिसरा. चैत्राचं ऊन वेगळं, वैशाखाचं वेगळं. परत तेच, परत तेच. बघूनच माझी मान दुखायची.

आणि सवड नव्हती. मुदत वाढवून वाढवून संपली होती. कमिटीनं स्वच्छ सांगितलं होतं, ह्या उन्हाळ्यात सगळे निकाल पुढं ठेवा, नाहीतर नाव काढून टाकू. म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. शिल्पाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

*

शिल्पा दिवसा कॉलेजात शिकवायला जायची. तासावर. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. मग दिवसभर प्रोग्राम सुरू कोण करणार?

मीच की!

तिनं लॅपटॉपच्या एका बटणावर माझी टिकली चिकटवली, लाल. म्हणाली, "आज्जी, हितली पट्टी हिरवी झाली की टिकली दाबायची. पुढचा पत्रा मी ओळीनं भरून ठेवलाय. आकडा तो दाखवतो, मी फोननं बघते. तू बाकी कशाला हात लावू नको."

झालं. मी लसूण सोलत बसायची, एक डोळा पट्टीवर. हिरवं झालं की दाबायचं. हिरवं झालं की दाबायचं. घरात म्हातारी माणसं जपमाळ ओढतात, मी टिकली दाबत होते.

एकदा शेजारची कमळाबाई वर आली. मी लॅपटॉपसमोर, मांडीवर लसणाचं ताट.

"काय करायलाव ओ म्हातारपणी?"

"पीएच.डी. करायलेय."

कमळाबाई चहा न घेताच खाली गेली. दुसऱ्या दिवशी भाजीवाली मला म्हणाली, "मॅडम, मेथी घ्या!"

*

आता "मत्त"चा किस्सा सांगितलाच पाहिजे.

माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं. तिकडं एका वाक्यात निम्मी मराठी, निम्मी कानडी. लग्न होऊन सोलापुरात येऊन किती वर्षं झाली, तरी घाईत तोंडातून कानडीच बाहेर पडते. कानडीत "मत्त" म्हणजे परत, आणखी एकदा. ताटात वाढताना मत्त, झोका देताना मत्त. आणि टिकली दाबायची वेळ झाली तरी मत्त!

त्या दिवशी सून सुरेखाच्या पोटात दुखत होतं, म्हणून भाकरीला मी खाली बसले. वर समीनाला बसवलं. समीना शिल्पाच्याच कॉलेजातली, तिची स्वतःची पीएच.डी. आधीच झालेली, जीव लावणारी मुलगी. तिला सांगितलं, पट्टी हिरवी झाली की मला विचार.

"आज्जी, हिरवं झालं!"

मी खालून ओरडले, "मत्त!"

थोड्या वेळानं परत विचारलं, "आज्जी, अजून हिरवंच हाय!"

"मत्त!"

मला वाटलं, पोरगी भराभर दाबायलीय. तिला वाटलं, आज्जी भराभर नको म्हणायलीय. संध्याकाळी शिल्पा आली, बघते तर दुपारपासून एकच पत्रा.

"समीना, दाबलं का नाहीस?"

"अगे, आज्जीच बोले ना 'मत' करके! मैं तो हात बी नै लगाई! दो बार पूछी, दोनों बार मत, मत!"

मी म्हटलं, "अगं माझं मत्त म्हणजे कर!"

"और मेरा मत मतलब नक्को कर!"

शिल्पा जिन्याच्या पायरीवर बसली. हसली नाही, रागावली नाही. मग म्हणाली, "आता माणसाचं कामच नको. प्रोग्रामला आपला आपण सुरू व्हायला शिकवते."

दोन दिवस तिनं कसलं तरी लिहिलं. एकदा सुरू केलं की ते एकामागून एक सगळे पत्रे स्वतःच घेणार, स्वतःच थांबणार, स्वतःच पुढचा धरणार. कुणी दाबायचं नाही, कुणी विचारायचं नाही. त्याला नाव काय द्यायचं? समीना म्हणाली, "मत्त!"

तेच ठेवलं. टिकली काढून मी परत कपाळाला लावली. गोंद संपला होता, पडली.

*

मत्त सुरू झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढा खाल्ला. लॅपटॉप एकटा वर गुरगुरतोय, आम्ही खाली टीव्ही बघतोय. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. पट्टी हिरवी झाली असेल का, म्हणून मी दोनदा जिना चढून बघून आले.

सगळे पत्रे संपले. शिल्पानं अंघोळ केली, देवाला हात जोडले आणि निकालाची पेटी उघडली. आत एकच निकाल.

एकच!

तिनं खाली बघितलं, वर बघितलं, डबा बंद करून परत उघडला. एकच. मग तिच्या लक्षात आलं. मत्तला तिनं सांगितलं होतं, निकाल आला की 'निकाल' नावानं ठेव. त्यानं ठेवला. दुसरा आला, तोही 'निकाल' नावानं ठेवला, पहिल्याच्या जागी. तिसरा दुसऱ्याच्या जागी. असं करत करत शेवटचा तेवढा राहिला.

मी विचारलं, "म्हंजे सगळ्या भाकऱ्या एकाच ताटात वाढल्या, आन वाढायच्या आधी दर टायमाला आधीची फेकून दिली?"

"व्हय आज्जी."

"मग त्याला कळलं न्हाय का, आधीची अजून कुणी खाल्ली न्हाय?"

"त्याला कोण सांगितलं?"

सुरेखा स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझी सासूच हाय म्हणा की ते मत्त! आधीचं केलेलं धरतच न्हाय!"

शिल्पा टाईप करताना इथं थांबली आहे. थांबू नको. म्हणालीच होती ती.

*

मग निकालांना नावं द्यायची वेळ आली. शिल्पानं पहिल्यांदा ठेवली 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'खरं फायनल', मग 'खरं फायनल हेच'. समीना म्हणाली, "ये निकाल हैं की तेरे इश्क के खतां?"

मी माहेरची गोष्ट सांगितली. आमच्या घरात एकाच देवाचं नाव सगळ्यांना ठेवायची रीत. घरात हाक मारली, "मल्लू!" की चौघं धावत यायचे आणि एकजण झाडावरून खाली पडायचा. म्हणून मग विहिरीवरचा मल्लू, चक्कीवरचा मल्लू, थोरलीचा मल्लू असं चालायचं. कुठला, कुणाचा, कितवा, एवढं सांगितलं की झालं.

शिल्पानं मत्तला तसंच शिकवलं. छत कुठलं, ऊन कुठलं, खेप कितवी. आता प्रत्येक निकाल आपल्या नावानं आपल्या जागी बसायला लागला. शिल्पा खूश. तिनं गाईड सरांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"सर, 'ओलं-गोणपाट-वैशाख-दुसरा' बघितला का? आणि त्याच्याखाली 'चुना-चैत्र-पहिला' आहे."

सरांनी तिकडं यादी मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "शिल्पा, हे रिझल्ट आहेत की कुणाच्या बारशाची यादी?"

*

सरांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. माणूस वाईट नाही. पण त्यांना एकच वाक्य यायचं. "अजून एकदा रन करून बघा."

आकडा जास्त आला, अजून एकदा. आकडा कमी आला, अजून एकदा. बरोबर आला तर, "इतका बरोबर कसा आला? अजून एकदा." शिल्पा फोन ठेवायची आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. मत्तचा शोध तिनं लावला, पण खरं मत्त फोनच्या पलीकडं बसलेलं होतं!

एकदा तिला ताप आला होता. सरांचा फोन, "तो कडब्याचा ग्राफ पटत नाही. अजून एकदा." तिच्यानं उठवेना. समीनानं काय केलं, जुनाच ग्राफ उचलला, काडीचाही बदल न करता दोन दिवसांनी परत पाठवून दिला.

सरांचा लगेच फोन. "आता कसं! बघ, मेहनत घेतली की दिसतं!"

शिल्पाचा ताप तिथल्या तिथं उतरला.

*

सुरेखाचं दुःख वेगळं. ती एकदा कपडे पिळता पिळता शिल्पाला म्हणाली, "रोज पाणी भरा, रोज भाकऱ्या, रोज भांडी. परत उद्या तेच. तुझं ते मत्त माझ्यासाठी न्हाय का गं लिवता येत?"

"येतं की आई. पण त्याला सगळं आधी नीट सांगावं लागतं. काय करायचं, कधी करायचं, आधी काय, मग काय, चुकलं तर काय."

सुरेखानं बादली उचलली.

"राहू दे. तेवढं सांगत बसण्यापेक्षा मीच करते."

ती गेली वर दोरीवर कपडे टाकायला. मला हसू आलं, आणि का कोण जाणे, बराच वेळ काही खावंसं वाटलं नाही.

*

मग वैशाख लागला. खरा, बाहेरचा.

एका दुपारी लॅपटॉप खाडकन बंद पडला. हात लावला तर तव्यासारखा. पत्रा किती तापतो त्याचा हिशोब करता करता त्याला स्वतःलाच ऊन लागलं!

शिल्पा तासावर गेलेली. घरात आम्ही दोघी, मी आणि सुरेखा. ऊन लागलेल्याला काय करतात? आम्ही तेच केलं. कांदा फोडून दोन्ही बाजूंनी ठेवला. ओल्या फडक्यानं पुसला, वरून वारा घातला. सुरेखा म्हणाली, "कैरीचं पन्हं?" मी म्हटलं, "तोंड कुटंय त्याला?"

शिल्पा आली, बघितलं, आणि लॅपटॉप उचलून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं झाकण उघडलं, वास घेतला, तिच्याकडं बघितलं, परत वास घेतला.

"मॅडम, ह्याच्यावर भजी तळली व्हती का?"

पण एक सांगते. त्या दिवशी घरी आल्यावर शिल्पानं निकालाची पेटी उघडली तेव्हा आम्ही सगळ्या तिच्या मागं उभ्या होतो. सगळे निकाल जागेवर! ओलं गोणपाट, चुना, कडबा, सगळे आपापल्या नावानं. जो अर्धवट शिजत होता तेवढा एकच गेला. आणि मत्तला आता ती अक्कल आली होती, झालेलं परत करत बसायचं नाही, राहिलेलंच पुढं धरायचं. दुसऱ्या दिवशी ते तिथूनच पुढं चालायला लागलं. शिल्पा टेबलावर डोकं ठेवून झोपली. आम्ही तिला उठवलं नाही.

*

शेवटी कमिटीचा दिवस आला. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, हॉल मोकळा नव्हता. म्हणून सगळं फोनवर बघून बोलायचं ठरलं, लॅपटॉपमधून, घरूनच. वेळ दिली दुपारी तीनची.

खाली रस्त्याची गडबड, म्हणून शिल्पा वरच्या खोलीत बसली. पंखा खडखड करतो, माईकमध्ये ऐकू येतो, म्हणून पंखा बंद. खिडकी उघडली तर झळ येते, म्हणून खिडकी बंद. समीना नेटसाठी फोन धरून कोपऱ्यात उभी. मी दाराबाहेर जिन्यावर, पाण्याचा तांब्या घेऊन, कुणाला दिसणार नाही अशी, मला मात्र दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं.

पडद्यावर तिघं. आमचे गाईड सर, एक बाई, आणि बाहेरगावचे एक मोठे सर. त्यांच्या अंगात कोट होता. वैशाखात कोट! त्यांच्या मागं भिंतीवर गार हवेची मशीन दिसत होती.

शिल्पा चांगलं बोलली. चुना, गोणपाट, कडबा, एकेक निकाल काढून दाखवला. बाईंनी मान हलवली. गाईड सर हसले. मग कोटवाल्या सरांनी बोट वर केलं.

"जरा थांबा. हा साध्या पत्र्याचा आकडा बघा. वैशाख, दुपारी तीन, खोलीच्या आत चव्वेचाळीस? अहो मॅडम, अशा खोलीत माणूस बसून काम करू शकेल का? जरा विचार करा. मला तर तुमच्या प्रोग्राममध्येच चूक दिसते. माझं मत, हे सगळे रन पहिल्यापासून परत करा. मग बघू."

पहिल्यापासून. परत.

गाईड सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाई कागद बघायला लागल्या. समीनानं डोळे मिटून घेतले. उन्हाळा संपत आला होता, मुदत संपत आली होती. शिल्पा पडद्याकडं बघत राहिली. तिच्या गालांवरून ओघळ हनुवटीवर यायचे आणि तिथून टपटप लॅपटॉपवर पडायचे.

कोटवाले सर एकदम मऊ झाले.

"अहो मॅडम, रडू नका. संशोधनात हे चालायचंच. जरा पाणी प्या."

शिल्पानं ओढणीनं हनुवटी पुसली.

"रडत नाहीये सर. घाम आहे. मी त्याच खोलीत बसलीय."

पडद्यावरचे तिघंही हलेनात. मला वाटलं, नेट गेलं. समीनानं फोन डोक्याच्या वर धरला.

कोटवाल्या सरांनी कोटाचं वरचं बटण काढलं. मग खालचं काढलं.

"पुढची स्लाईड घ्या," ते म्हणाले.